भाडेकरूला काय काय द्यायचं

विजेच्या उपकरणांच्या दुकानात, रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे साठीचं एक जोडपं उभं होतं. त्यांना खालचं घर भाड्याने द्यायचं होतं. शिंपीणबाई काही कान टवकारणाऱ्यातल्या नव्हत्या, पण कान त्यांचं ऐकेनात.

"अहो, भाडेकरूला आपला जुना फ्रिज देऊ आणि नवा आपल्याला घेऊ."

"देऊ की. दार तेवढं गुडघ्याने दाबायचं, म्हणजे लागतं."

"आणि वॉशिंग मशीन?"

"उत्तम आहे. कपडे पिळताना नाचतं, तेवढ्यापुरतं कुणीतरी वर बसायचं."

"तुम्ही बसता तसं?"

"माझा पेपर वाचून होतो तेवढ्यात."

"गिझर?"

"आधी बेसिनचा नळ सोडायचा, मग बटण दाबायचं, मग वरून प्रेमाने एक चापट."

"हे सगळं त्यांना सांगणार कोण?"

"लिहून देतो."

"तुमचं अक्षर मला अजून लागत नाही!"

"मग रोज सकाळी मीच खाली जाऊन येईन. नाहीतरी रिटायर झाल्यापासून तुझ्या पायात पायात येतो."

"त्यापेक्षा सामानाबरोबर तुम्हालाच देऊन टाकते."

"मला कोण घेणार गं? आवाज फार, काम कमी, आणि वॉरंटी कधीच संपलेली."

तेवढ्यात जोडप्याचा नंबर आला, आणि त्यातल्या बाई म्हणाल्या,

"फ्रिज, मशीन, गिझर, तिन्ही नवे दाखवा. भाडेकरूसाठी हवेत."

"जुनं काही बदल्यात देणार का?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

बाईंनी शेजारी नवऱ्याकडे पाहिलं.

"नको. अजून चालतात हे."