बांगी अलाये तेंबेली यांना एका बोझोचा निरोप

सन्माननीय अध्यक्ष आणि जेन्नेच्या थोरल्या मशिदीचे इमामसाहेब, व्यासपीठावरचे मोहल्ल्याचे प्रमुख, गवंडी बिरादरीतले माझे भाऊ, दर साली मशिदीच्या लिंपणाला पाणी वाहून ज्यांच्या कमरेचे काटे ढिले झाले त्या माझ्या आयाबहिणी, आणि बापाला न्यायला बामाकोहून आलेले चिरंजीव उमर,

मी लासिने कोन्ताओ, जातीचा बोझो, म्हणजे नदीवरचा मासेमार, धंद्यानं गवंडी. आपल्या मशिदीत पाच वेळा बांग देणारे बांगी अलाये तेंबेली यांना निरोप द्यायला मला उभं केलंत, हा माझा बहुमान. खरं म्हणजे चूकच केलीत! डोंगरातल्या दोगोन माणसाबद्दल चांगलं बोलायला बोझोला उभं करतात का कुठं? वाडवडलांनी आम्हां बोझो-दोगोनांना नातं घालून दिलंय ते एकमेकांची टर उडवायचं. वाटेल ते बोला, राग धरायचा नाही.

हा अलाये ऐन तरुणपणी कांद्याचे मळे सोडून डोंगरावरून इथं उतरला. बानी नदी पाहिली आणि मला म्हणाला, "एवढं पाणी दारात, तरी बोझो अंघोळ करत नाहीत होय?" मी म्हटलं, "ये रे कांदेखाऊ, आमच्या गुलामाला एक खोपटं बांधून देतो." बांधलं. आता जेन्नेत ज्यानं घर बांधलं तोच त्या घराचा गवंडी, मरेपर्यंत. दरवर्षी मी याच्या भिंती लिंपायचो आणि हा खाली उभा राहून ओरडायचा, "मासळीचा वास येतो रे माझ्या घराला!"

आपल्या जुन्या मशिदीचं काय झालं, ते आजोबांकडून आपण सर्वांनीच ऐकलंय. जिंकून आलेल्याला ती नको होती, पण मशीद पाडणं पाप. मग त्यानं काय केलं? छपराच्या पन्हळी बुजवल्या. पुढचं पावसानं उरकलं. मातीच्या भिंतींना पाडायला कुणी लागतच नाही हो, नुसतं सोडून द्यावं लागतं. माणसाचंही तसंच असतं, हे मला या वयात कळतंय.

उमरबाळा, तुला बोल लावत नाही. बापाची नजर गेली, त्याला एकटं कसं ठेवशील? ने बाबा, सुखानं ने.

पण आज सकाळी मी याच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, "काय म्हाताऱ्या, तुझी आंबट लापशी बामाकोत कुत्रं तरी खाईल का?" आणि यानं काय करावं? माझा हात धरला. म्हणाला, "लासिनेभाऊ, तुमचे फार उपकार झाले. काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा."

मला! 'तुमचे उपकार!' मंडळी, अशी गोड भाषा आपण परक्याशी बोलतो.

माझी बायको कादिया वारली, तेव्हा दफनाला न्यायला तिची खाट उचलली आणि हा वाटेत आडवा पडला. "आधी मासे द्या, मग न्या माझ्या मोलकरणीला!" सगळी हसली. मीही हसलो, आणि मग कुठं मला रडू फुटलं. आता सांगा, माझी खाट निघेल तेव्हा आडवं कोण पडणार? सरळ नेतील मला, गुमान.

अलाये, अजून गाडी सुटली नाही. सगळ्यांदेखत एक शिवी घाल की रे मला. एकच.

काय? मोठ्यानं बोल... "अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो." ऐकलंत? उदंड आयुष्य! एकट्यानं काय करू त्याचं?

असो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. म्हाताऱ्याच्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल, तर इमामसाहेबांपासून दारात उभ्या मंडळींपर्यंत सगळ्यांनी पोटात घालावं. अलायेची माफी मात्र मी मागत नाही, आणि त्यानं मागितलेली देतही नाही. माफी दिली की सगळं मिटतं. मला ते मिटवायचं नाहीये.