सगळ्यात हळू मोटर

—नाही हो आके, मोठ्या भावासारखे तुम्ही, पण उलटं घेताय! आकडा मोठा म्हणजे मोटर जोरात, असं नसतं ते. आकडा म्हणजे आत तारेचे वेढे किती — वेढे कमी तितकी पळणार, जास्त तितकी रेंगाळणार. तुम्ही हातात धरलीय ती पस्तीस वेढ्यांची, म्हणजे म्हातारं गाढव. रिमोटची बग्गी शर्यतीत पळवायचीय ना? रविवारी, हिपोड्रोमच्या, त्या घोड्यांच्या मैदानाच्या मागं? मग ही सतरावाली घ्या, फार महागही नाही. — तीच हवी? बरं बाबा, भवानीच्या गिऱ्हाइकाशी कोण भांडणार! चहा तरी घ्या, आणि तो पाव तोडा, असा समोर ठेवून बसू नका.

बॅटरीचं मात्र माझं ऐका. ती चकचकीत नको. वर शंभरचा आकडा छापलाय — छापायला काय जातंय? ही काळी घ्या, स्वस्तातली, दिसायला दरिद्री, पण शर्यत संपेपर्यंत दम सोडत नाही. आणि घरी नेऊन रिकामी ठेवू नका हं! अर्धी भरून ठेवायची. मी शहाण्यानं काय केलं माहितीय? माझा बाप शर्यतीचे घोडे तयार करायचा. शर्यतीआधी घोड्याला उपाशी बांधायचा, घाम काढायचा — चरबी झडली की घोडा वाऱ्यावर. तेच मी बॅटरीला केलं! तीन दिवस आधी पार पिळून ठेवली, म्हटलं हलकी होऊन पळेल, आणि सकाळी बघतो तर टम्म फुगलेली, तळलेल्या बोरसोकच्या गोळ्यासारखी. दुसरी होती कुठं? तीच लावली. झेंडा पडला, बारा बग्ग्या सुटल्या, माझी जागच्या जागी. वर तिची बग्गी चक्कर मारून आली आणि माझ्या बग्गीला मागून ठोकून गेली — आपल्या घोड्यावरच्या पाठलागाच्या खेळात पोराच्या हाती पोरगी लागली नाही की परतताना ती त्याला चाबूक हाणते ना, तस्सं! अख्खं मैदान हसून लोळत होतं.

ती कोण? आहे एक. बुरुलचा नाव तिचं. सात नंबरची बस चालवते, नवरा जाऊन आठ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मी विचारलं — काय विचारतात माणसं? तेच. तर म्हणते, कादिरअली, एकदा मला शर्यतीत मागं टाक, मग खुशाल नारीनला माझ्या थोरल्या भावाकडं मागणी घालायला जा. तीन वर्षं, आके! आणि तिला मोटर कोण देतं? मीच! साडेतेरा वेढ्यांची, दुकानातली सगळ्यात भारी, खरेदीच्या भावात. समोर उभी राहून मागते, नाही कसं म्हणायचं? आपल्याच हातानं पायावर धोंडा. थांबा, तुमच्या बॅटरीचा प्लग या खणात — ते नाही, ते झुमके आहेत. कुणाचे म्हणजे? आईनं जाताना दिलेत, सुनेच्या कानात घालायला. बावन्न वर्षांचा घोडा मी, रोज खण उघडतो आणि बंद करतो. जाऊ द्या. रविवारी हंगामातली शेवटची शर्यत आहे. आता नाही जमलं तर पुढच्या वर्षी विचारायचंही तोंड राहणार नाही मला.

हसताय काय मघापासून? ही मोटर नक्की कुणासाठी? — बहिणीसाठी. मग तिचं चुकलंय काहीतरी, फोन लावा तिला, विचारा. — नाही चुकलं? तिनंच सांगितलंय, सगळ्यात हळू असेल तीच आण? वेडी आहे का बाई! शर्यतीला कोण मुद्दाम — कुठं राहते? काय करते?

बस चालवते?

सात नंबरची.

तुम्ही... तुम्ही नारीनचे? थोरले भाऊ?

अरे देवा. आणि मी तुम्हाला झुमके दाखवले.

म्हणजे रविवारी ती मुद्दाम मागं — नाही, नाही विकायची मला! तीन वर्षं हरलोय, भीक नकोय, तिला सांगा माझ्याकडं — थांबा! परत ठेवू नका. द्या इकडं. ही नको, हिच्याहून हळू एक आहे, वरच्या फळीवर, पंचावन्न वेढ्यांची. ही घ्या. पैसे खिशात ठेवा, आके, लाजवू नका. आणि सांगा, कादिरअलीनं काहीएक विचारलं नाही. नुसती मोटर बांधून दिली. जा आता. जा ना. दुकान बंद आहे.