गाय बसली न्हाय ती जागा

माझं माहेर कणकुंबीकडचं, शाळा चौथीपर्यंत. सासर खानापूरकडचं, शेतकरी. आमच्यात काळी माती म्हणजे लक्ष्मी, एवढंच ठाऊक. त्यातच फसलो बघा.

थोरले दीर, त्यांना आप्पा म्हणायचो, गोव्यात खाडीकाठी कामाला होते. तिथं त्यांना पडीक तुकडा मिळाला, काळाभोर, म्हणून आम्हीही तिकडं गेलो. ह्यांनी मूठभर उचलली, म्हणाले, नुसतं शेणखत हाय गं. मी बघितलं तर ती मातीच नव्हती, गवताच्या मुळ्याच मुळ्या, न कुजता एकावर एक दाबलेल्या, पिळलं की पाणी, वास सडक्या अंड्याचा. शेजारची म्हातारी म्हणाली, बाई, ती भरतीची जागा, तिला सुकवू नका. आप्पा हसले, म्हणाले, म्हातारीला आमचं भात बघवंना व्हय.

ह्यांनी गावाकडच्यासारखा बांध घातला, चर मारून खारं पाणी काढलं. काय सांगू तुम्हाला, पाणी गेलं तशी जमीन खाली बसत गेली, आजाऱ्याचं पोट खपाटीला जावं तशी. वर हळदीसारखे पिवळे डाग, चरातलं पाणी गंजाचं, रोपं मुळातून जळाली.

तरी हे म्हणाले, भात न्हाय तर न्हाय, घर बांधू. मला सातवा महिना, बाळंतपण त्याच घरात करायचं ह्यांच्या मनात. आमच्यात जागेवर गाय बांधतात, ती बसून रवंथ करायला लागली की पाया घालायचा. गाय बांधली, ती बसलीच न्हाय. दुपारी भरती आली, पाणी बांधापलीकडं, पण इकडं पायाखालची जमीन हळूच वर आली, झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तशी. गाय नुसती थरथरत उभी. आप्पा म्हणाले, परकी जागा हाय, बसंल उद्या.

उद्याची वाट कोण बघतंय, त्याच संध्याकाळी पायाच्या चिऱ्यांची, तांबड्या दगडांची ओळ लावली. सकाळी ओळ न्हाय. दुसरी लावली, तीही गेली. ह्यांनी बांबू खुपसला, अख्खा आत गेला, चिरा काय लागला न्हाय. वर काढला तर टोकाला गवताचं पान, जसंच्या तसं, किती पिढ्यांचं देव जाणे. हे म्हणाले, आणखी चिरे आणतो. आप्पांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, आणा खुशाल, पण मी इथं बाळंत होणार न्हाय. ह्यांनी बांबू तिथंच टाकला नि सामान बांधायला घेतलं.

लेक इकडं काकती गावात झाली, भाड्याच्या खोलीत. हे उद्यमबागेत फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला जातात. मागल्या साली लेकीला घेऊन तिघं तिकडं गेलतो. बांध फुटलाय, गवत परत आलंय, माणूसभर. हे चप्पल काढून काठावर उभे राहिले, दुसऱ्याच्या दारात राहावं तसे. आत पाऊल टाकलं न्हाय. मी मनात त्या जागेला म्हटलं, बाई, तुझं तुला मिळालं, आता आमच्या लेकीवर राग धरू नको.