बेचाळीस लाख मिलिलिटर माती

सून : बेचाळीस लाख, सत्तेचाळीस हजार, पाचशे.

वाळूवाला : काय, ताई?

सून : मिलिलिटर. माती. तीनदा पडताळून पाहिलंय मी.

वाळूवाला : हौद बुजवायचाय, का बाटलीनं पाजायचाय त्याला?

सासरे : हसू नका हो तिला. नातू झाल्यापासून, अकरा महिने, घरात सगळं मिलिलिटरमध्येच चाललंय. परवा मला चहा विचारला, तर म्हणे, "बाबा, साठ देऊ का नव्वद?"

सून : बाबा!

वाळूवाला : आमच्याकडे ब्रासचा हिशेब. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. घनफूट सांगा.

सून : एका घनफुटात अठ्ठावीस लिटर आणि वर थोडे... म्हणजे दीडशे घनफूट. दीड ब्रास. अरे, अरे, तोंडात काय घातलंस? आ कर. आ!

वाळूवाला : पाऊण इंची खडी आहे, ताई. काही होत नाही.

सून : पाऊण इंचीच घशात अडकते! थू कर. शाब्बास. शहाणं माझं बाळ.

वाळूवाला : दीड ब्रासच्या खड्ड्याला दोन ब्रास घ्या.

सून : का म्हणून? खड्डा तेवढाच आहे ना? बाई आली की वाढवूनच सांगायचं!

वाळूवाला : ट्रकमधली माती भुसभुशीत असते हो. पाणी मारून चोपली की खाली बसते. चौथाई तरी वर लागतेच.

सून : हे कुठल्या गणितात बसतं?

वाळूवाला : तुमच्या पिशवीतून तो दूध पावडरचा डबा डोकावतोय ना, त्यात. वाचा बघू, चमच्याबद्दल काय लिहिलंय?

सून : "चमचा सपाट भरावा. पावडर दाबू नये."

वाळूवाला : का दाबू नये?

सून : दाबली तर त्याच चमच्यात जास्त मावते आणि... अगं बाई!

सासरे : पटलं?

सून : पटलं. दोन ब्रास. पण उद्या सकाळीच पाठवा हं. कालपासून हा दोन पावलं टाकायला लागलाय आणि त्या हौदाला कठडाच नाही. आंघोळीला गेले तरी मी दार किलकिलं ठेवते.

सासरे : आणि सारखी विचारते, "बाबा, बघताय ना?" साबण लावता लावता.

वाळूवाला : माप कुणी घेतलं?

सून : बाबांनीच. दहा फूट लांब, पाच रुंद, तीन खोल.

वाळूवाला : तीन? काका, हौद बांधला तेव्हा विटा माझ्याकडूनच नेल्या होत्यात. खोली चार फूट सांगितली होती. मी म्हटलं, कमळाला एवढी कशाला? तर म्हणालात, मासेही सोडायचेत.

सासरे : इतक्या वर्षांत तळाला गाळ साचतो की.

सून : गाळ तर तुम्ही मागच्या रविवारी काढलात. मी खिडकीतून बघत होते. बाबा, तीन का चार?

(सासरे बाळाची टोपी नीट करतात. ती नीटच असते.)

सासरे : चार. म्हटलं, वर फूटभर राहील. सगळी नाही, पण एखादं कमळ तरी... फूटभर पाण्यात काय होतंय?

सून : टबात चार बोटं पाणी असतं, बाबा. तेव्हाही मी याचा दंड सोडत नाही.

सासरे : माहीत आहे गं मला.

सून : हा पोहायला शिकला की परत खणू. मी स्वतः खणेन.

वाळूवाला : खणलेली माती फुगते बरं का, ताई. तेव्हा ती काढून टाकायला...

सून : तुम्ही जरा गप्प बसता का?

सासरे : पोहायला कितव्या वर्षी शिकतात मुलं?

सून : सहाव्या. नाहीतर सातव्या.

सासरे : म्हणजे मी ऐंशीचा. बरं.

वाळूवाला : मग चार फुटांनी दोनशे घनफूट, त्यावर चौथाई. अडीच ब्रास लिहू?

सासरे : तीन लिहा.

वाळूवाला : जास्त होईल, काका. मधे उंचवटा राहील.

सासरे : राहू दे. खळगा दिसला, तर माझा हात पुन्हा कमळाच्या कंदाकडे जायचा.