एका मतानं गेलेलं संमेलन

देऊळगाव राजाच्या स्टँडवर खामगावच्या गाडीची वाट पाहत रांग उभी होती. पुष्पाबाईंच्या पुढे रेडिओ श्रोता संघाचे अर्जुनराव, काठी टेकलेल्या त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई आणि तोंड पाडून उभा असलेला संघाचा तरुण सभासद हर्षल. पुष्पाबाईंनी मोबाइल पिशवीत टाकला. करमणूक पुढेच चालू होती.

“काका, संमेलन आपल्या गावात व्हावं म्हणून तुम्ही दोन वर्षं वणवण हिंडले. अन् एका मतानं गेलं खामगावले!”

“गेलं तं गेलं बे.”

“काकू आंगणात पडल्या, तवाबी तुम्ही जालन्यात मतं मागून राह्यले होते.”

“हाव. अन् खामगावचे रामराव माह्यं मत मागाले आमच्या घरी आले होते.”

“मागतलं का मग?”

“इसरले,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “मले दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत हालले नाहीत. बोलले ते फक्त जुन्या गाण्यांचं. देवमाणूस!”

“म्हणून आता त्यांच्या सतरंज्या उचलाले चाललो आपण?”

“आनंदानं उचलू.”

“पण काका, आपल्यातलाच कोणीतरी फुटला. चिठ्ठीनं मतदान होतं म्हणून वाचला. आज संमेलनाले येईनच तो. भेटला तं काय करू त्याचं?”

“गाडी लागली. पळ, खिडकीतून रुमाल टाक अन् त्याच्यासाठी जागा धर.”

“जागा?”

“दोन धर. त्याच्या बायकोचा पाय अजून दुखते.”