माझ्या गोळ्या गाईनं खाल्ल्या

माजं नाव गयाबाई. माहेर चकलांब्याकडलं, दिलं हिकडं शिरूर कासारच्या कोरड्या रानात. लगीन झालं आन् दसरा सरला की निघालेच मालकाच्या मागं कारखान्याला, ऊस तोडायला. काय सांगू तुमाला, त्यांनी तोडायचा, म्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या आन् फळीवरून गाडीत चढायचं, दोघींची मोळी मी एकली न्यायची, खोटं सांगत न्हाई. पुढं मालक देवाघरी गेले. मंग ल्योक बबन आन् सून जाया लागले, मागं मी आन् गाय. निम्म्या गावाचं असंच हाय, दसऱ्यानंतर गावात निस्ती म्हातारी मान्सं.

गाय म्हंजी काय, दुष्काळात चाऱ्याच्या छावनीत तिच्यासंगं राहिलेली हाय मी, तिला टाकीवर पाजायची आन् तिच्याच शेजारी पडायची. पुढं पाऊस झाला, गावात दूधसंस्था निघाली. मंग काय, सकाळ-सांज बरनी घिऊन डेअरीवर, सगळं दूध संस्थेला आन् घरात काळा च्या. आमच्यात समद्या बाया तसंच करत्यात, घरचं दूध पिलं तर चोरी केल्यावानी वाटतंय बगा.

तर एक दिवस मोरीत पाय घसरला. लई न्हाई, हातावर पडले निस्ती, तर मनगटच मोडलं. डाक्टर म्हनला, आजी, हाडं लई ठिसूळ झाल्यात, आता पडायचं न्हाई. जसं काय मी हौसंनं पडले व्हते! बबन कारखान्यावरून पळत आला, म्हनला गाय इकू, तू चल आमच्या संगं कोपीवर. म्या म्हनलं, त्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, जल्म गेला माजा, आता न्हाई यायची. तो म्हनला, पुन्यांदा पडलीस तर तुला उचलनार कोन? त्याचं बी खोटं न्हवतं. शेवटी ठरलं, पुढच्या दसऱ्यापत्तुर बगायचं, हातपाय धड राहिले तर ऱ्हा, न्हाई तर चल. मला हाड मोडायचं भ्या न्हवतं, घर सुटायचं लई भ्या व्हतं.

सरकारी दवाखान्याची आमची आशाताई, सुनंदा, जिभंनं गोड पर नजर बारीक. तिनं गोळ्या आनल्या, म्हनली हे कॅल्शियम हाय आजी, हाडाला, रोज दोन खायाच्या. मला हसूच आलं. गाय व्याली की जनावराचा डाक्टर तिला कॅल्शियमचीच बाटली लावतोय, मला काय ठावं न्हाई व्हय? म्या म्हनलं ही जनावराची वस्तू, मी काय दूध देनार हाय? रोज दोन गोळ्या कुटल्या आन् गाईच्या पेंडीत घातल्या. सुनंदा यायची, रिकामी पाकिटं बगायची, शाब्बास आजी म्हनायची. आन् खरं सांगू का, मला त्ये शाब्बास ऐकून लई बरं वाटायचं.

मंग डेअरीवरचा रावसाब एकदा माप घेता घेता म्हनला, गयामावशे, गाईला काय चारतीस, दूध वाढलंय की. हिरवा घास निघाला व्हता त्याचं आसल, पर मी गेले फुगून, म्हनलं सरकारी कॅल्शियम! सुनंदा मागंच उभी. ती खालीच बसली आन् डोळ्यात पानी येऊस्तर हसली, आन् मंग तापली. म्हनली, आजी, पुन्यांदा हाड मोडलं तर दसऱ्याला कोपीवर गाय जानार हाय का तू? तवर शेजारची कोंडाबाई हळूच म्हनली, बाई, म्या तर म्हशीला घातल्या. तिच्या मागच्या दोघी पदर तोंडाला लावून उभ्या, म्हंजी त्यांनी बी!

मंग सुनंदानं संस्थेच्या चेरमनला गाठलं आन् नेम घातला. एकल्या मान्सानं, दुभतं असू न्हाई तर नसू, सकाळी डेअरीवर यायचं. आपल्या बरनीतलं पेलाभर दूध आधी प्यायचं, तिच्यादेखत गोळ्या गिळायच्या, मंग माप. ज्याला जनावर न्हाई त्याला दुसऱ्यानं द्यायचं. कवळ्या उन्हात ओट्यावर बसायचं आन् हात न टेकता उठायचं, पुन्यांदा बसायचं, पुन्यांदा उठायचं. पहिल्या दिशी आमी हसूनच पडतो का काय असं झालं. कुनी आलं न्हाई की दोघी त्याच्या दारात हजर. माझ्या मोरीतली गुळगुळीत फरशी बी संस्थेनं काढून खरबरीत बशिवली, भिंतीला धरायला पाईप लावला.

आन् परवा दसरा झाला. सकाळी आमचं ओट्यावर उठबस चाललेलं, बबन रस्त्यात उभा राहून बगत व्हता, मला पत्ता न्हाई. घरी आले तर दारात टॅक्टर, बोचकी, भांडी, लेकरं वर बसलेली. म्या बी दोन लुगडी बांधून ठिवली व्हती, म्हनलं चल म्हनला तर जायाचं, सनाला भांडायचं न्हाई. बबन खाली उतरला, माजं बोचकं बगितलं, उचलून परत घरात खुंटीला अडकवलं. पाया पडला. म्हनला, आय, येतो.

एवढंच म्हनला बगा. माजं काळीज सुपायेवढं झालं. म्या म्हनलं, ये बाबा, सुकाचा ये, लेकरास्नी सांबाळ. मी हाय हितंच.