हौसाची बदली हौसा

मी, तुषार शांताराम परब, वय २३, धंदा ठरलेला नाही, गेले पाच महिने गोव्यात मुळगावच्या एका काजू कारखान्यात हजेरी लिहितो, राहणार तिथेच मागच्या खोलीत, मूळचा दोडामार्गकडचा, समक्ष हजर राहून सांगतो की, हा जबाब मी बुधवारीच द्यायला हवा होता. आज शनिवार, २२ मार्च २०२५. उद्या देऊ, उद्या देऊ करत मधले दोन दिवस मी मोरजीच्या किनाऱ्यावर होतो. तिथे कासवांच्या अंड्यांभोवती जाळी लावून एक माणूस बसवलेला असतो, त्याच्याजवळ बसलो. त्याची अंडी मोजलेली असतात, एकसुद्धा कमी चालत नाही. हे जबाबात नको, असं हवालदार म्हणतात, पण लिहून झालं आहे.

कारखान्याचे मालक यशवंतशेट. जानेवारीत बँकेने त्यांच्याकडे एक योजना मागितली. आग, पूर, आजारपण, काही आलं तरी धंदा बंद पडू नये म्हणून काय करणार, ते लिहून द्या. माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. महिनाभर टाळलं आणि मग एका बैठकीत चार पानं लिहिली. आग लागल्यास सगळ्यांनी फणसाखाली जमायचं, हजेरीवरून नावं पुकारायची. प्रत्येक कामापुढे 'न आल्यास बदली कोण' असा रकाना होता. बॉयलरवर धोंडिबा, बदली विजय. काजूगर सोलायला हौसा. तिच्यापुढे मी लिहिलं, हौसा.

शेट हसले. "हौसाची बदली हौसा? म्हणजे एक मेली तरी काम चालूच!"

मी म्हटलं, "शेटनू, हौसा आणि तिची नणंद दीपा एकाच कार्डार आळीपाळीन येतत."

"माका सांगा नको. कागद भर."

दोघी बेळगावकडच्या. हौसा विधवा. दीपा एकोणीस वर्षांची. दीपाचं नाव हजेरीत कधीच नव्हतं.

बुधवारी माल जास्त होता. मीच हौसाला सांगितलं, आज दोघी या, बघतंय कोण. कार्ड दीपाने गळ्यात घातलं. कार्डावर फोटो नाही. सकाळी अकरा वीसला गोदामाला लागून असलेल्या टरफलांच्या ढिगाला आग लागली. टरफलात तेल असतं, धूर काळा आणि चिकट, पुढे केलेला हात दिसत नाही. योजनेप्रमाणे सगळे फणसाखाली आले. योजनेप्रमाणे मी नावं पुकारली. हौसा म्हटल्यावर "हाय की" असं उत्तर आलं. चौदापैकी चौदा. बंबवाल्यांनी विचारलं, आत कोण? मी सांगितलं, कोणी नाही.

थोड्या वेळाने हौसा जवळ आली. "तुषारभाऊ, दीपा कुटं हाय वो?"

मी हजेरी पुन्हा वाचली. का वाचली ते सांगता येत नाही. मग बंबवाल्यांकडे धावलो.

बाराला पाच कमी असताना त्यांनी दीपाला गोदामातून आणलं. ती जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली होती. जनेलाला गज आहेत. इस्पितळात कार्ड बघून नाव लिहिलं. गुरुवारी पहाटे ती वारली. कागदावर हौसा वारली आहे.

शेट म्हणाले, "आसा तसा रवांदे. फाईल बँकेत गेली आसा." बेळगावला दीपाच्या आईला फोन गेला तो सून गेली असा. तिला चालता येत नाही, ती येणार नाही. हौसा गुरुवारपासून खोलीवर नाही, फोन बंद. आता ती कसली येते, तोंड उघडलं तर काम जाईल, असं विजयने मला मोरजीला कळवलं. शुक्रवारी कारखाना सुरू झाल्याचंही त्यानेच कळवलं. हौसाच्या जागेवर दुसरी बाई बसवली.

आज चार वाजता कारखान्यातर्फेच दहन आहे. त्याआधी इस्पितळाने दिलेल्या त्या मुलीच्या मृत्यूच्या चिठ्ठीवर दीपा लिहावं, एवढंच माझं म्हणणं आहे. हवालदार बाबुराव म्हणतात, "हजेरी तुझ्याच हातची. तीत दीपा खंय आसा दाखव." ती मला दाखवता येत नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला, मी ऐकला. घडलं तसंच आहे. सहीला पेन टेकवताना दारावरच्या शिपाई शीतल आत आल्या. म्हणाल्या, "भायर एक बायल आयल्या. कार्ड ना, कागद ना. नांव विचारलें तर हौसा म्हणटा."